आत ओढलेला होकार

वडिलांचा आवाज तूरेला आठवतो तो एवढाच: शूप.

तो शब्द नव्हता. ओठांचा बारीक चंबू करायचा आणि दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा श्वास झपकन आत ओढायचा. उत्तरेकडच्या तालसेले गावात 'हो' असंच म्हणतात. बाहेर टाकलेला श्वास थंडीत गोठून जातो, म्हणून ही माणसं होकारसुद्धा आत साठवून ठेवतात, अशी दक्षिणेकडचे लोक थट्टा करतात. तालसेलेच्या माणसाला ही थट्टा ऐकवली, तर तो क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, शूप.

तूरे सहा-सात वर्षांचा असेल. स्वयंपाकघराच्या खिडकीत रेडिओ, रेडिओत राष्ट्रीय संघाचा आइस हॉकीचा सामना, दूरच्या कुठल्या देशात, कुठल्या बर्फावर. वडील लाकूड-गिरणीतून नुकतेच आलेले. त्यांचे हातमोजे चुलीवर वाळत घातलेले, घरभर ओल्या लोकरीचा वास. रेडिओवरचा माणूस बोलत होता, बोलत होता, बर्फावर काढाव्यात तशा आवाजाच्या रेघा काढत होता, आणि मध्येच गप्प झाला. मागे नुसता लोकांचा कल्लोळ, वसंतात नदी फुटते तसा. कुणी काय केलं, कसं केलं, काही कळेना. त्या बोलघेवड्या माणसालासुद्धा शब्द सापडेना, एवढं काहीतरी तिकडे घडून गेलं होतं. तूरे कानात प्राण आणून वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिला. वडिलांनी डोळे मिटले होते. मग ते म्हणाले, शूप.

न पाहिलेलं सगळं त्यांनी त्या एका श्वासात पाहिलं होतं. तूरेनं तो श्वास जपला. वडिलांचा वारसा म्हणून त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतंही.

त्याची बायको मायकेन मात्र दक्षिणेच्या सपाट, बडबड्या मुलखातली. लग्नाचं तिनंच विचारलं होतं, बस थांब्यावर, भर हिवाळ्यात. "तूरे बूरमान, माझ्याशी लग्न करशील का?" तूरे म्हणाला, शूप. तिला वाटलं, याला दम्याचा झटका आला. ती समोरच्या दुकानात पाणी आणायला पळाली.

"पाणी घेऊन येते तर हा उभा राहून हसतोय," ती अजून पाहुण्यांना सांगते. "नातवंडं झाली, पण मला तोंडी उत्तर काही मिळालेलं नाही. मी आपली राहतेय आशेवर."

"शूप," तूरे म्हणतो, आणि पाहुणे हसतात.

तूरेनं जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवलं. पण हिवाळा लागला की त्याचं खरं काम सुरू व्हायचं, आणि नोकरी संपून शाळा सुटली तरी ते सुटलं नाही. तो राष्ट्रीय संघासाठी पोरं हेरायचा. वरच्या अंगाच्या गावागावांत, जिथे जंगल संपतं आणि पुन्हा जंगलच सुरू होतं तिथे, प्रत्येक ठिकाणी पत्र्याच्या छपराखाली खेळायच्या बर्फाचं एक रिंक असतंच. तूरे आपली जुनी गाडी काढायचा, मागच्या सीटवर घोंगडी, पुढच्या सीटवर कॉफीचा थर्मास, आणि ज्या सामन्याला पोरांचे आईबापच तेवढे येतात अशा सामन्याला जाऊन सगळ्यात वरच्या बाकावर बसायचा.

सकाळी, तिकडच्या रीतीनं, कॉफीत चीजचे तुकडे टाकून तो आदल्या दिवसाचे निकाल वाचायचा. आधी वरची लीग, मग तिच्या खालची, मग पोरांची, मग मुलींची. कुणाला दुखापत झाली, कुणाला वरच्या संघात बढती मिळाली, कोणता गोलकीपर बाकावर बसला. इतरांना त्या नुसत्या नावांच्या ओळी. तूरेला त्या ओळींत नाकातून शेंबूड गाळणारी, हेल्मेट डोळ्यांवर येणारी पोरं दिसायची, जी त्यानं कधीकाळी कुठल्या पत्र्याखाली पहिल्यांदा पाहिली होती. एखादा पुढे राष्ट्रीय संघाचा तीन मुकुटांचा पिवळा शर्ट घालून टीव्हीवर दिसला, की मायकेन विचारायची, "हा तुझाच ना?" आणि तूरे कॉफीच्या कपात बघत श्वास आत ओढायचा.

पण त्या पोरांना त्यानं कधी काही सांगितलं नाही. बघायचं, लिहायचं आणि गप्प राहायचं, हा हेरणाऱ्याचा नेम. चढवलेलं पोर पडतं, असं त्याला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. त्यात गावाची रीत. तालसेलेत कौतुकाची सगळ्यात वरची पायरी म्हणजे 'एवढं काही वाईट नाही.' त्यावर पायरीच नाही. एक कुलूप कामाचं, एक कुलूप गावाचं, आणि दोन्ही किल्ल्या तूरेनं कधी मागितल्या नाहीत.

मग तिंद्रा आली.

ती गावातलीच, नूरग्रेनांची. पंधरा संपून सोळावं लागायला आलेलं. गावात मुलींचा संघ नाही, म्हणून पहिल्यापासून पोरांच्यात खेळायची, बचावाच्या फळीत. तूरे तिला लहानपणापासून बघत होता आणि चांगली आहे एवढं त्याला ठाऊक होतं. चांगल्या पुष्कळ असतात. पण त्या हिवाळ्यात, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, त्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी झालं.

पक, खेळातली ती काळी रबरी चकती, तिच्याच गोलच्या मागे येऊन पडला होता. समोरून दोन पोरं सुटली, दोन्ही तिच्यापेक्षा डोक्यानं उंच, एक डावीकडून, एक उजवीकडून, बर्फाचा भुगा उडवत. अशा वेळी कुणीही पळतं, नाहीतर पक काचेवर मारून मोकळं होतं. तिंद्रा थांबली.

नुसती थांबली. स्टिक बर्फावर टेकवून तिनं मान वर केली आणि पाहिलं. अंगणात उभं राहून कोण येतंय ते बघावं, तसं. आणि तूरेला वाटलं, सगळं रिंक तिच्याबरोबर थांबलं. ती दोन पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी अशी निघून गेली, जणू त्यांना तिकडेच जायचं होतं. मग तिनं मनगट हलवलं. पक निघाला. एका पोराच्या दोन पायांमधून, दुसऱ्याच्या स्टिकच्या टोकाखालून, बर्फाची सगळी लांबी ओलांडून तो पलीकडच्या कडेला तिच्या संघातल्या एका मुलाच्या स्टिकवर जाऊन अलगद टेकला. त्या मुलालाही आपण मोकळे आहोत हे तोवर माहीत नव्हतं. तो दचकला आणि गोल करून बसला.

पोरं गोल करणाऱ्याच्या अंगावर पडली. आईबापांनी त्याच्याच नावाचा पुकारा केला. तिंद्रा हळूहळू वळून आपल्या जागेवर गेली.

तूरेच्या अंगावर घोंगडी होती, तरी काटा आला. वेगवान पोरं त्यानं पाहिली होती, दांडगी पाहिली होती, हट्टी पाहिली होती. पण जिच्यासाठी बर्फ वाट बघतो अशी कुणी पाहिली नव्हती. देवळात चुकून शिरलेल्या माणसासारखं त्याला झालं. टोपी काढावी की काय, असंही वाटून गेलं.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं थर्मासचं झाकण घट्ट केलं. "एवढं काही वाईट नाही," तो म्हणाला.

"शूप," तूरे म्हणाला.

सामना संपल्यावर तो खाली सॉसेजच्या खिडकीपाशी उभा होता. तिंद्रा ओल्या केसांवर टोपी ओढत बाहेर आली.

"तूरे! परत आलास? इथल्या हीटरची ऊब आवडते वाटतं तुला."

"हीटर बंद आहेत."

"तेच म्हणते मी." ती हसली. मग जाकिटाची चेन लावता लावता, सहज विचारल्यासारखं, "कसं होतं?"

चेन अर्ध्यावर थांबली होती. तूरेनं ते पाहिलं. पोरांच्या हाताची हालचाल वाचण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याच्या छातीत आत्ताच पाहिलेलं सगळं काठोकाठ भरलं होतं, आणि जिभेवर दोन कुलपं.

"वाईट नव्हतं," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. चेन वरपर्यंत गेली. "भेटू."

तिचा कोच एवर्ट सॉसेजवर मोहरी पिळत होता. गावातले रस्ते साफ करणारं यंत्रही तोच चालवायचा, त्यामुळे थंडी पडली की त्याचे डोळे कायम झोपाळलेले.

"पुढच्या वर्षी हिला पोरांच्यात खेळता येणार नाही," एवर्ट म्हणाला. "पोरं वाढली रे. धडक बसली तर मोडेल. समुद्रकिनाऱ्याच्या शहरात मुलींचा चांगला संघ आहे, हॉकीची शाळा पण आहे. तिकडे राहायला जावं लागेल."

"जाईल ना?"

"ती म्हणते, तीन मुकुटांनी यंदा बोलावलं तर जाईन. नाही बोलावलं तर समजेन, आपण गावापुरत्या. मग इथल्याच शाळेत, जंगलातली यंत्रं चालवायला शिकणार. जानेवारी संपेपर्यंत अर्ज द्यायचाय."

तूरेनं विचारलं, "तू तिला सांगितलंस का?"

"काय?"

"की ती..."

"की ती काय?"

दोघंही सॉसेजकडे बघत राहिले.

"मी कशाला सांगू?" एवर्ट म्हणाला. "हेरणारा तू."

"कोच तू आहेस."

"मी? मी गेल्या वर्षी माझ्या बायकोला म्हणालो, तुझे केस बरे दिसतायत. तिनं दोन दिवस विचारलं, काय केलंयस तू, खरं सांग."

डिसेंबर लागला आणि एका दुपारी फोन आला. येसिका थोरेल्ल, अठरा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाची कोच. ती पश्चिम किनाऱ्याची, तिकडची माणसं बोलतात तशी, उतारावरून पाणी यावं तशी बोलणारी. तूरे ओसरीत, कोटांच्या खुंट्यांपाशी, फोन कानाला घट्ट धरून उभा राहिला.

"तूरे, तिंद्राबद्दलचा तुझा अहवाल आला. 'स्केटिंग चांगलं. खेळ कळतो. पाहावं.' अरे देवा! एवढं तर मी माझ्या सासूच्या कुत्र्याबद्दलही लिहीन!"

तूरेनं विचार केला. कुत्रा त्यानं पाहिला नव्हता.

"हे बघ," येसिका म्हणाली, "बचावात माझ्याकडे एकच जागा उरलीय. दुसऱ्या तिघी आहेत, तिघींचे व्हिडिओ माझ्याकडे आहेत, मी त्यांना स्वतः पाहिलंय. तुझी ही मुलगी पोरांच्यात खेळते, तुमच्या वरच्या गावात कुणी कॅमेरा लावत नाही, आणि निवडीच्या शिबिराच्या वेळी ती तापानं घरी पडली होती. म्हणजे माझ्याकडे फक्त तुझा शब्द आहे. तू कधी कुणासाठी शब्द टाकत नाहीस, म्हणून तर विचारतेय. तू हो म्हण, मी तिला घेते. घेऊ?"

तूरेनं डोळे मिटले. बर्फावर स्टिक टेकवून मान वर करणारी ती मुलगी त्याला दिसली. छाती भरून आली.

"शूप," तो म्हणाला.

"हॅलो?"

"शूप." जरा खोल.

"तूरे, आहेस ना? फार अवघड जातंय का सांगायला?"

मग तूरेनं सगळा जीव एकवटला. वडिलांनी चुलीपाशी ओढला होता तसा, तळापासून, एक लांब, थरथरता श्वास त्यानं आत घेतला. आयुष्यात त्यानं कुणासाठी एवढा मोठा होकार दिला नव्हता.

 मग येसिकाचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं. समजलं मला. तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, तूरे. खरंच."

त्यानं फोन ठेवला. प्रामाणिकपणाबद्दल आभार! तिकडच्या लोकांची भाषाच वेगळी, असं तो मनात म्हणाला. मायकेनला त्यानं काही सांगितलं नाही. नेम तो नेम. पण जेवताना त्यानं बटाट्याचे गोळे नेहमीपेक्षा जास्त घेतले आणि वर लाल बोरांचा मुरंबा थापला.

"काय रे, गाल का लाल झालेत तुझे?" मायकेननं विचारलं.

"थंडी."

"घरात?"

"शूप."

संघ जाहीर झाला त्या सकाळी मायकेन केशराचे पाव भाजत होती. तूरे टेबलापाशी बसून नावं वाचू लागला. गोलकीपर. मग बचाव. त्यानं नावं वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. मग चष्मा पुसला. यादी काही बदलली नाही.

फोन वाजला. एवर्ट होता. "पाहिलंस?"

"शूप."

"तिनं सकाळीच स्केट्स आणून दिले. क्लबचे होते ना. म्हणाली, लहान पोरींपैकी कुणाला तरी होतील." एवर्ट थांबला. "रडली-बिडली नाही रे. चेष्टा करत होती. तेच वाईट वाटलं बघ."

तूरेनं फोन खाली ठेवला आणि बसून राहिला. मायकेन पिठाचे हात तसेच ठेवून समोर आली. आता नेम कसला, म्हणून त्यानं तिला सगळं सांगितलं. येसिकाचा फोन, एकच उरलेली जागा, तिनं विचारलेला प्रश्न.

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"कसं?"

"म्हणजे काय कसं? तीनदा म्हणालो!"

"तूरे, कसं म्हणालास ते म्हणून दाखव."

त्यानं दाखवलं.

मायकेन हळूच खुर्चीवर बसली. तिनं पिठाचा हात तोंडावर ठेवला, आणि तिला हसू येतंय की रडू, ते तिलाही कळेना. "अरे माझ्या सोन्या," ती म्हणाली. "ती पश्चिमेची बाई. तिनं फोनवर काय ऐकलं असेल? काहीच नाही! आणि तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्याचा उसासा! तू तुझा होकार गिळून टाकलास रे. माझ्या वेळी निदान समोर तरी होतास."

तूरेचा चेहरा राखेसारखा झाला. तो उठला, पुन्हा कोटांपाशी गेला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं आपण होऊन येसिकाला फोन लावला.

"ते होकार होते?" येसिका म्हणाली.  "मी तीनदा विचारलं तूरे!"

"मी तीनदा हो म्हणालो."

"मला वाटलं तू उसासे टाकतोयस! वाटलं, बिचाऱ्याच्या जिवावर आलंय, आपल्या गावच्या पोरीला नाही म्हणायचं!" मग जरा वेळानं, "आता काही होणार नाही. ज्या मुलीला घेतलं, ती आत्ता कुणाच्या तरी स्वयंपाकघरात नाचत असेल. तिला मी काय सांगू? उत्तरेत श्वास कसा घेतात ते?"

"नको," तूरे म्हणाला. "तिचं नाव राहू दे."

"फेब्रुवारीत एक शिबिर आहे. तुझ्या मुलीला पाठव, मी स्वतः बघेन. पण ती खेळत असायला हवी, तूरे. सोडून बसलेल्या मुलीला मी बोलावू शकत नाही." मग कुतूहल न राहवून, "पण आत्ता तरी मला नीट सांग. कशी आहे ती?"

तूरेनं तोंड उघडलं. शब्द आले होते, अगदी ओठांवर आले होते. पण ते या फोनमध्ये घालायचे नव्हते.

"ते आधी तिला सांगायला पाहिजे," तो म्हणाला. "इतरांना मागून."

नूरग्रेनांच्या घरी तो बर्फावरची पायगाडी ढकलत गेला, ती लांब लोखंडी पट्ट्यांवर घसरणारी, एक पाय ठेवून दुसऱ्यानं रेटायची. तिंद्राचा बाप अंगणात लाकडं फोडत होता. "नदीवर आहे," त्यानं कुऱ्हाडीनंच दाखवलं. "आईचे जुने स्केट्स घेऊन गेलीय. स्केट्स परत देऊन आली आणि तासाभरात जुने शोधत बसली. पोरीचं काही कळत नाही."

दुपार अजून होती, पण सूर्य जंगलामागे गेला होता आणि सगळं निळं झालं होतं. आकाश निळं, किनारा निळा, स्वतःच्या हातमोज्यांचीही निळी सावली. यंदा हिम पडण्याआधीच नदी गोठली होती, आणि जे थोडं पडलं ते वाऱ्यानं झाडून नेलं होतं. बर्फ काळा, काचेसारखा, खालचे गोटे दिसतील असा. तूरे किनाऱ्यावर थांबला, कारण त्याला आधी ऐकू आलं.

बर्फ गात होता. तिच्या पायांखाली एक लांब सूर उठायचा, नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचा, वळणाआड नाहीसा व्हायचा, आणि तिथूनच दुसरा यायचा. जणू कुणी अख्ख्या नदीची तार छेडत होतं. आणि त्या सुरावर ती मुलगी, हातात स्टिक नाही, समोर पक नाही, गोल नाही, बघणारं कुणी नाही, मोठमोठी वळणं घेत होती. उलटी जायची, सरळ व्हायची, वाकायची, अंग सैल सोडायची. कुठून जोर येतोय ते दिसतच नव्हतं. घारीला वारा नेतो तसं तिला बर्फ नेत होता. कडेला बर्फ पातळ होता. तिथे जवळ गेली की सूर चढायचा, आत आली की खाली उतरायचा, आणि ती तो सूर ऐकत ऐकतच वाट काढत होती. खाली एकदाही बघत नव्हती.

तूरेला आपण किती वेळ उभे आहोत ते कळलं नाही. पायांची बोटं बधिर झाली तेव्हा कुठे भान आलं. हे हातचं जाणार होतं. उद्या नाही, परवा नाही, पण हळूहळू, जंगलात, यंत्राच्या काचेआड, हे जाणार होतं, आणि कुणाला कळणारही नव्हतं काय गेलं ते.

ती त्याला बघून किनाऱ्याशी आली. बर्फाचा बारीक भुगा त्याच्या बुटांवर उडाला.

"आता इथे पण हेरतोयस? इथे तर सॉसेज पण मिळत नाही."

"तिंद्रा, त्या येसिकानं मला फोन केला होता. यादीच्या आधी. तुला घ्यायचं का म्हणून विचारलं."

तिच्या चेहऱ्यावरची चेष्टा पुसली गेली. "आणि?"

"मी हो म्हणालो. तिला ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं नाही म्हणजे?"

तूरेनं सांगितलं, अडखळत, जसं घडलं तसं. ती उत्तरेचीच पोर. तिला समजायला दोन क्षण लागले, आणि मग ती इतकी हसली की गुडघ्यांवर हात टेकून वाकली. "तीनदा!" ती म्हणाली. "अरे देवा, तूरे! तीनदा!" हसता हसताच तिचे डोळे भरले, आणि मग ती सरळ उभी राहिली.

"फेब्रुवारीत शिबिर आहे," तूरे म्हणाला. "ती बोलावते म्हणाली. खेळत असशील तर. किनाऱ्याच्या शाळेचा अर्ज अजून देता येतो."

"कशाला?"

"म्हणजे?"

"कशाला जाऊ? ओळखीचं एक माणूस नाही तिथे. घर सोडू, हे सगळं सोडू, कशाच्या भरवशावर? तू कोचला हो म्हणालास म्हणून?" तिचा आवाज चढला नव्हता, पण बर्फासारखाच ताणला गेला होता. "तुला काय दिसतं, तूरे? दर शनिवारी येऊन बसतोस. सगळेच येतात, सगळेच म्हणतात, वाईट नाही. आईच्या बटाट्याच्या गोळ्यांना वाईट नाही. बाबाच्या नव्या ट्रॅक्टरला वाईट नाही. शेजारचा हेनिंग गेला ना, तेव्हा त्याच्या अंत्यविधीलासुद्धा लोक म्हणाले, वाईट नव्हता. मग मी कुठे आहे यात? ट्रॅक्टरच्या वर, की हेनिंगच्या खाली? मला कसं कळावं? मला कुणी कधी सांगितलंच नाही ना!"

 पलीकडच्या काठावर एक फांदी थंडीनं चटकली.

तूरेनं टोपी काढली. का काढली ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याचे पांढरे केस निळ्या उजेडात उभे राहिले. तो खाकरला. मग पुन्हा खाकरला. आणि मग बोलला, मोठ्यानं, वर्गात मागच्या बाकालाही ऐकू जावं तसं:

"मी लहान होतो तेव्हापासून हा खेळ बघतोय. वरच्या लीगचे बघितले, राष्ट्रीय संघातले बघितले, नाव घेतलं की लोक उभे राहतात असे बघितले. त्यातले काही माझ्या डोळ्यांसमोर मोठे झाले. पण तू थांबतेस ना, पोरी, सगळे पळत असताना तू थांबून वर बघतेस, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. मला वाटतं, बोलू नये, हलू नये, नाहीतर हे मोडेल. मी दर शनिवारी हेरायला येत नाही. तुला हेरायचं काम तर कधीच संपलं. मी नुसता बघायला येतो. तुझ्यासारखं खेळताना मी कुणालाच पाहिलेलं नाही, तिंद्रा. मुलींत नाही, मुलांत नाही, कुणातच नाही."

तिंद्रानं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि 'मग अर्ज देते' असं म्हणायच्या जागी श्वास झपकन आत ओढला: शूप.